घर आणि कपडे विषारी रसायनांविना स्वच्छ ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिठा, सोडा, लिंबूसत्त्व आणि बायो-एन्झाइम यांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते या पानावर एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे. मापांत लहान चमचा म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, मोठा चमचा म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर आणि बादली म्हणजे १५ ते २० लिटरची नेहमीची बादली धरावी.

१. सुरुवात करायची आहे. घरात किमान कोणत्या वस्तू असाव्यात?

रिठा, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व (म्हणजेच सायट्रिक ॲसिड) आणि एक साधा, बिनवासाचा साबण एवढ्या पाच वस्तूंत घरातील बहुतेक कामे होतात. पहिली काष्ठौषधींच्या दुकानात आणि बाकीच्या किराणा दुकानात मिळतात. मात्र त्यांचे काम वेगवेगळे आहे आणि ते समजून घेतले नाही तर निराशा ठरलेली असते. तेल, तूप, घाम यांसारखा स्निग्ध मळ खाराने, म्हणजे सोड्याने सुटतो; नळावरचा पांढरा थर, गंज, तांब्या-पितळेवरचा काळेपणा हे आम्लाने, म्हणजे लिंबूसत्त्व, चिंच किंवा व्हिनेगर यांनी निघतात; आणि सुटलेला मळ पाण्यात धरून ठेवून वाहून नेण्याचे काम रिठा किंवा साबण करतो. म्हणून कोणताही डाग समोर आला की तो कशाचा आहे आणि कशावर पडला आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

२. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकच का? दुकानदार दोन्हींना ‘सोडा’च म्हणतो.

एकच नाहीत, आणि ही गफलत केवळ शब्दांची नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य असून त्याच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३ असतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचा सामू ११ च्या आसपास जातो, तो हाताची त्वचा कोरडी पाडतो, डोळ्यांत गेल्यास इजा करतो आणि पोटात जाऊ नये. दोन्ही पांढरे असल्यामुळे धुण्याचा सोडा स्वयंपाकघरातील डब्यांजवळ कधीही ठेवू नये आणि त्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खाण्याचा सोडा पसरट ताटात घालून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर तासभर तापवावा. त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन तो धुण्याचा सोडा होतो. ताट ॲल्युमिनियमचे नको. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

३. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर भरपूर फेस येतो. मग त्याने चांगली सफाई होत असेलच ना?

होत नाही. एक आम्ल आणि दुसरा खार असल्यामुळे दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि तो शमल्यावर भांड्यात जवळजवळ नुसते पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचे क्षार उरतात. हे मिश्रण बाटलीत भरून ‘सर्वगुणी क्लीनर’ म्हणून ठेवण्याला काहीच अर्थ नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर एकामागून एक वापरावेत: आधी सोड्याने तेलकटपणा काढून जागा धुऊन घ्यावी आणि मग आम्लाने पांढरा थर काढावा. साबणाचेही तसेच आहे. साबणाच्या पाण्यात व्हिनेगर ओतले की ते दुधासारखे फाटते आणि त्यातील चरबी वेगळी होऊन कपड्यालाच चिकटते.

४. रिठ्याचे पाणी नेमके कसे करायचे? माझ्या रिठ्याला फेसच येत नाही.

फेस न येण्याचे कारण बहुधा बियांत असते. रिठ्याचा साबणासारखा गुण त्याच्या सालीतील सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो. आतील काळ्या, गोट्यांसारख्या बियांत तो उपयोगाचा नसतो आणि वजन मात्र बरेच असते. बाजारात दोन जातींचे रिठे येतात. आपल्याकडच्या झाडाची फळे दोन-तीन जोडल्यासारखी दिसतात, तर उत्तरेकडून येणारे हिमालयातील रिठे सुटे आणि गोल असतात. दोन्ही चालतात. साल चिकट, लालसर तपकिरी आणि किंचित अर्धपारदर्शक असावी; कोरडी ठणठणीत आणि राखाडी झालेली साल जुनी समजावी.

बिया काढलेल्या ५० ग्रॅम साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळाव्यात. भांडे निम्मेच भरलेले असावे, कारण रिठ्याचे पाणी दुधाप्रमाणे क्षणात उतू जाते आणि शेगडीवरून ते पुसताना निघणारा फेस संपता संपत नाही. कोमट झाल्यावर साली हाताने कुस्कराव्यात आणि जुन्या सुती कापडातून गाळावे. उरलेला चोथा पितळी तांब्या किंवा कढई घासायला उत्तम.

एका बादलीला अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर पाणी पुरते. हे पाणी फ्रीजमध्ये आठवडाभरच टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यावे. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवले तर दोन-तीन महिने सहज जातात, मात्र तो ट्रे पुन्हा सरबतासाठी वापरू नये. रिठ्याची पूड वापरणाऱ्यांनी नाकातोंडाला कापड बांधावे, कारण तिने शिंका आणि खोकला सुरू होतो. पाणी डोळ्यांत गेल्यास चांगलीच आग होते.

५. वॉशिंग मशीनमध्ये रिठा चालेल का? कपडे खरोखर स्वच्छ निघतात का?

चालेल. पाच-सहा सालींची पुरचुंडी जुन्या मोज्यात किंवा मलमलच्या पिशवीत घट्ट बांधून कपड्यांबरोबरच टाकावी. थंड पाण्यात सॅपोनिन हळू सुटते, म्हणून ती पिशवी आधी कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पाण्यासकट ड्रममध्ये घालणे चांगले. फेस कमी येतो आणि समोरून उघडणाऱ्या मशीनला तेच सोयीचे असते.

स्वच्छतेचे खरे उत्तर असे, की रोजचे, घामाने भिजलेले, थोडे धुळकट कपडे रिठ्याने व्यवस्थित निघतात. शाळेचे पांढरे मोजे, स्वयंपाकघरातील मसोते आणि गाडी दुरुस्त करताना वापरलेला शर्ट निघत नाही. अशा कपड्यांसाठी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवणे किंवा सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच वापरणे योग्य ठरते. परकार्बोनेट पाण्यात विरघळल्यावर धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत विभागले जाते. ते ४० अंशांच्या वर चांगले काम करते. केवळ रिठ्यावर ठेवलेले पांढरे कपडे काही महिन्यांत मळकट दिसू लागतात. त्यांना शेवटच्या पाण्यात नीळ द्यावी. निळीने कपडा अधिक स्वच्छ होत नाही, पिवळेपणा झाकला जाऊन तो पांढरा दिसतो इतकेच. पण आपल्या आजीपणजीला तेवढे पुरत होते आणि आपल्यालाही पुरावे.

६. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. साबण लावला की दह्यासारखे काहीतरी तरंगते.

पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन तो न विरघळणारा साका तयार होतो. साबण त्यातच खर्ची पडतो, आणि साका कपड्याच्या धाग्यांत अडकून टॉवेल कडक होतात. बादलीत आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे हे क्षार बरेचसे खाली बसतात, आणि त्यानंतर साबण किंवा रिठा वापरावा. कडक झालेल्या टॉवेलांसाठी शेवटच्या पाण्यात पाव वाटी साधे पांढरे व्हिनेगर किंवा एक लहान चमचा लिंबूसत्त्व घालावे. विकतच्या सॉफ्टनरची गरज राहत नाही. वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. मशीनमध्ये मात्र प्रत्येक धुण्याला व्हिनेगर ओतू नये, कारण काही प्रकारचे रबर त्याने हळूहळू खराब होते.

७. बायो-एन्झाइम घरी कसे करतात, आणि त्याच्याविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे का?

प्रमाण १:३:१० असे आहे: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या साली आणि एक लिटर पाणी. हे दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बरणीत भरावे, म्हणजे वर मोकळी जागा राहते. काचेची बरणी वापरू नये. पहिल्या महिन्यात आत भरपूर वायू तयार होतो, म्हणून झाकण रोज एकदा सैल करावे. एखादा दिवस विसरल्यास बाटली फुगून डमरूसारखी होते आणि झाकण उघडताच साली छताला लागतात. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एक-दोनदा झाकण सैल केले तरी पुरते. तीन महिन्यांनी गाळून घ्यावे. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काळजी नको. काळी-हिरवी बुरशी किंवा सडका वास आला तर सगळे खतात टाकावे. आधीच्या खेपेतील दोन-चार चमचे पाणी विरजणासारखे घातले तर पुढची खेप लवकर आंबते.

आता दाव्यांविषयी. तयार होणारे पाणी आंबट असते, त्याचा सामू साधारण ३ ते ४ असतो आणि त्याची सफाईची ताकद प्रामुख्याने त्यातील ॲसिटिक आम्लातून, म्हणजे व्हिनेगरमध्ये असणाऱ्याच द्रव्यातून येते. नावात एन्झाइम असले तरी त्याला फळांच्या सालीचे सुगंधी व्हिनेगर म्हणणे अधिक अचूक ठरेल. टाइल्स पुसायला, नळ चमकवायला, सिंकचा वास घालवायला ते चांगले आहे आणि ओल्या कचऱ्यातील साली वापरल्या जातात हा त्याचा मोठा गुण आहे. पण ते हवा शुद्ध करते किंवा लिटरभर ओतले की नदी स्वच्छ होते, या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. फेस हवा असेल तर रिठ्याचे पाणी आयत्या वेळी मिसळावे. आंबटपणामुळे ते सर्व फरश्यांना चालत नाही. पुढचे उत्तर वाचल्याशिवाय वापरू नये.

८. लिंबू किंवा बायो-एन्झाइम कोणत्या फरशीवर आणि ओट्यावर वापरू नये?

शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर यांवर कधीही वापरू नये. हे चारही दगड चुनखडीच्या कुळातील आहेत आणि आम्ल चुनखडी खाते. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतील मोझॅकच्या फरश्याही याच यादीत येतात, कारण त्या सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे बसवून केलेल्या असतात. सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या जुन्या टाइल्सचेही तसेच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या मांडणीवर मी बायो-एन्झाइमची बाटली ठेवली होती आणि तिच्या बुडातून पाझरलेल्या पाण्याने रात्रीत एक वर्तुळ उमटले. पहिल्यांदा वाटले की काहीतरी पांढरे सांडून वाळले आहे. पुसले, घासले, पुन्हा पुसले. ओले असेपर्यंत वर्तुळ नाहीसे होई आणि वाळले की परत येई. बोट फिरवले तेव्हा तेवढीच जागा खरखरीत लागली. तो डाग नव्हता, दगडाचा वरचा गुळगुळीत पृष्ठभाग विरघळून गेला होता. खोबरेल तेलाचा हात फिरवला की आठ-दहा दिवस ते वर्तुळ दबून राहते, पण दगड पुन्हा पॉलिश केल्याखेरीज जात नाही.

आपल्याकडचा दगड कोणता हे ठाऊक नसेल तर ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. बुडबुडे आले किंवा चकाकी गेली तर आम्ल वर्ज्य. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्स आम्लाला दाद देत नाहीत, तरी टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंट झिजू नये म्हणून पातळ द्रावण वापरून नंतर साध्या पाण्याने पुसावे. चुनखडीच्या सर्व दगडांसाठी कोमट पाण्यात थोडे रिठ्याचे पाणी हाच सुरक्षित मार्ग आहे.

९. पाण्यात मीठ घालून लादी पुसल्याने फायदा होतो का?

स्वच्छतेच्या दृष्टीने नगण्य. मिठाचा थर मागे राहतो, दमट हवेत तो ओलावा धरतो आणि कपाटाचे व पलंगाचे लोखंडी पाय गंजतात. श्रद्धेपोटी कोणी घालत असेल तर चिमूटभर घालावे, मूठभर नव्हे.

१०. हळद, तेल, चहा, रक्त, गंज यांचे डाग कसे काढावेत?

सर्वांत जास्त पत्रे हळदीविषयी येतात. हळदीच्या समारंभानंतर पांढऱ्या सदऱ्यावर साबण लावला आणि पिवळा डाग कुंकवासारखा लाल झाला, आता सदरा गेलाच का, असे विचारतात. गेला नाही. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य खाराच्या संपर्कात लालसर होते आणि खार धुऊन गेला की पुन्हा पिवळे होते. साबणाने तेल निघून जाते, रंग उरतो, आणि त्या रंगावर उपाय म्हणजे ऊन. कपडा साबणाने धुऊन, ओला असतानाच डाग वर येईल असा कडक उन्हात पसरावा. वाळला की पाणी शिंपडावे. एक-दोन दिवसांत कुर्क्युमिन उन्हानेच विटून जाते. रंगीत कपड्यावर मात्र उन्हाने मूळ रंगही उडू शकतो, म्हणून तेथे बेताने घ्यावे.

तेलाच्या ताज्या डागावर पाणी न लावता आधी डाळीचे पीठ दाबून अर्धा तास ठेवावे आणि झटकून मग रिठ्याने धुवावे. रक्ताला थंडच पाणी. गरम पाण्याने त्यातील प्रथिने धाग्यात कायमची बसतात. चहाचा डाग परकार्बोनेटच्या गरम पाण्यात तासाभरात फिका होतो. गंजावर लिंबूसत्त्वाची ओली चिमूट ठेवून उन्हात पंधरा मिनिटे थांबावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. गंजावर क्लोरीनचे ब्लीच लावल्यास डाग अधिकच पक्का होतो.

केळीच्या चिकाचा काळा डाग मात्र निघत नाही. केळफूल चिरताना हाताला तेल लावायचे आणि जुना कपडा नेसायचा, हाच त्यावरचा उपाय आहे.

११. तांब्या-पितळेची, चांदीची आणि ॲल्युमिनियमची भांडी कशाने घासावीत?

तांब्या-पितळेसाठी चिंच आणि मीठ याला आजही तोड नाही, कारण आम्ल आणि मीठ मिळून धातूवरचा काळा थर विरघळवतात. घासल्यावर लगेच धुऊन कोरडे पुसावे; ओलसर राहिल्यास दुसऱ्या दिवशी हिरवट डाग पडतात. कल्हई केलेल्या पातेल्याला आतून चिंच लावू नये. देवाची भांडी रांगोळीने घासण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण रांगोळी ही दगडाची पूड असल्याने नक्षी आणि मूर्तीचे नाकडोळे वर्षानुवर्षे झिजत जातात.

काळवंडलेल्या चांदीसाठी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर भांडी ठेवावीत, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ टाकून कढत पाणी ओतावे. चांदीवरचा काळा थर हा गंधकाचा असतो. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी घासावी न लागता मूळ रूपात येते, म्हणजे ती झिजतही नाही. खडे जडवलेले किंवा मुद्दाम काळपट नक्षी ठेवलेले दागिने असे धुऊ नयेत.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, तो धातू खातो आणि भांडे काळे पडते. कुकर आतून काळा होऊ नये म्हणून तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकण्याची जुनी सवय शास्त्रालाही धरून आहे.

१२. टॉयलेट, नळ, तुंबलेले सिंक आणि किटली यांसाठी काय वापरावे?

टॉयलेटमधील पिवळट कडा क्षारांच्या असतात. रात्री चार-पाच मोठे चमचे लिंबूसत्त्व टाकून सकाळी ब्रशने घासावे. नळावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळावे, रात्रभर नको, कारण क्रोमचा मुलामा खराब होतो. किटलीत लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा लिंबूसत्त्व घालून उकळावे, तासभर ठेवावे आणि दोनदा साधे पाणी उकळून ओतून द्यावे. गीझर घरी उघडू नये.

सिंक तुंबण्याचे कारण बहुतेकदा गोठलेले तेल असते. आधी खालची वाटी उघडून हाताने साफ करावी, मग अर्धी वाटी धुण्याचा सोडा टाकून गरम पाणी ओतावे. पाणी उकळते नसावे, पीव्हीसीचे पाइप त्याने नरम पडतात.

१३. रेशमी साड्या आणि लोकरीचे कपडे रिठ्याने धुतले तर चालतील का?

तेच सर्वांत योग्य. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत. खाराने ती कमजोर होतात आणि काही पावडरींमधील प्रथिने विरघळवणारी एन्झाइम त्यांना अक्षरशः कुरतडतात. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने रेशमाची चमक टिकते. थंड पाण्यात पाच मिनिटे बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावे. पदराच्या टोकाला रंग जातो का हे आधी पाहावे.

जरीची पैठणी मात्र घरी धुऊ नये. ती नेसल्यावर वाऱ्याला टाकावी, डाग पडला तर तेवढीच जागा जाणकाराकडून काढून घ्यावी, आणि मलमलमध्ये गुंडाळून ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

१४. पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. रिठ्यामुळे होते का?

रिठ्यामुळे नाही, कपडा वाळायला लागणाऱ्या वेळामुळे होते. धुतल्यावर उरलेल्या घाम-तेलावर जिवाणू वाढतात आणि कपडा ओला राहील तितका वेळ त्यांना मिळतो. पाऊस लागला की कमी कपडे धुवावेत, शेवटच्या पाण्यात प्रश्न ६ मधील प्रमाणात व्हिनेगर घालावे, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून पंख्याखाली वाळवावेत आणि दमट असतानाच इस्त्री फिरवावी. वास मुरलेला असेल तर सुती कपडे गरम पाण्यात परकार्बोनेट घालून तासभर भिजवावेत. बुरशीचे काळे ठिपके पडले असतील तर ते पुष्कळदा पूर्ण जात नाहीत.

१५. डांबरगोळ्यांना पर्याय काय? बाळाच्या कपड्यांत ठेवल्या तर चालतात का?

बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, कुंच्यात डांबरगोळ्या अजिबात ठेवू नयेत. नॅफ्थॅलीनच्या संपर्काने, विशेषतः जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांत, तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बाळात आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. माळ्यावरच्या पेटीतून काढलेली जुनी दुपटी धुऊन, उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत ठेवल्याशिवाय वापरू नयेत.

पर्याय म्हणून सावलीत वाळवलेली कडुनिंबाची पाने मलमलच्या पुरचुंडीत ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी बदलतात. खरा उपाय मात्र ठेवण्याआधीच्या तयारीत आहे. कसर घामाच्या, अन्नाच्या आणि खळीच्या मागे येते, म्हणून खळ घातलेली साडी खळ काढूनच पेटीत ठेवावी आणि कपडा पूर्ण कोरडा असावा. कापूर हा पर्याय सुचवला जातो, त्याविषयी प्रश्न १७ पाहावा.

१६. या वस्तूंनी जंतू मरतात का? घरात कोणी आजारी असेल तर काय करावे?

रोजच्या स्वच्छतेत जंतू मारण्यापेक्षा ते धुऊन काढणे महत्त्वाचे असते, आणि ते काम साबण किंवा रिठा व पाणी करतात. पण व्हिनेगर, लिंबू किंवा बायो-एन्झाइम यांना भरवशाचे जंतुनाशक समजू नये. घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल किंवा संसर्गजन्य कावीळ झाली असेल, तर काही दिवस ब्लीच वापरण्यात तत्त्वाला बाधा येत नाही. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिले असेल तर त्याचे २० मिलिलिटर घेऊन पाणी घालून एक लिटर करावे, म्हणजे ०.१ टक्क्याचे द्रावण होते. जागा आधी साबणाने धुऊन त्यावर ते दहा मिनिटे राहू द्यावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि हातमोजे घालावेत. गावाकडे पाण्यात टाकायला मिळणारी टीसीएल पावडर हीसुद्धा क्लोरीनच आहे. तिला सौम्य समजू नये.

१७. नैसर्गिक वस्तू असल्याने लहान मुले आणि मांजरे यांना धोका नाही, असे समजावे का?

असे समजू नये. कापूर झाडापासून मिळतो, पण लहान मुलाने थोडासा गिळला तरी झटके येऊ शकतात. निलगिरीचे तेलही पोटात गेल्यास घातक आहे. टी-ट्री तेल आणि फिनाईलमधील द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. मांजर त्या लादीवरून चालते आणि मग पंजे चाटते. परदेशी व्हिडिओंत सर्रास सुचवले जाणारे बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार; युरोपीय संघाने त्याची गणना प्रजननास अपायकारक पदार्थांत केली आहे, म्हणून या पानावरील कोणत्याही कृतीत तो नाही. झुरळांसाठी कणकेत मळून ठेवतात त्या बोरिक पावडरच्या गोळ्याही रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत.

उलट बाजूही आहे. ‘नारळापासून बनवलेले’ असे बाटलीवर लिहिलेले असते तेव्हा आत सोडियम लॉरिल सल्फेट असू शकते. ते नारळाच्या तेलापासूनच तयार करता येते, त्यामुळे दावा खोटा ठरत नाही. परंतु ज्यांच्या हातांना भांड्याच्या साबणाने भेगा पडतात त्यांना त्याचा तेवढाच त्रास होतो.

१८. कोणत्या वस्तू एकत्र करणे धोक्याचे आहे?

ब्लीच आणि कोणतेही आम्ल: व्हिनेगर, लिंबूसत्त्व, बायो-एन्झाइम, ॲसिडचे टॉयलेट क्लीनर. यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र करू नयेत. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत भरून ठेवू नयेत. सकाळी टॉयलेटमध्ये लिंबूसत्त्व टाकले असेल आणि दुपारी कामाला येणाऱ्या मावशी सवयीने ब्लीच ओतत असतील, तर चूक त्यांची नाही. काय टाकले आहे ते त्यांना आधी सांगावे.

१९. धुण्याचे सांडपाणी झाडांना घालता येईल का?

केवळ रिठ्याचे असेल तर पातळ करून कुंड्यांना आणि परसातील झाडांना घालता येते. धुण्याचा सोडा, परकार्बोनेट किंवा डिटर्जंट यांचे पाणी घालू नये, कारण त्यातील सोडियममुळे माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. असे पाणी सेप्टिक टँककडे जाऊ द्यावे. त्या टाकीत ब्लीच आणि फिनाईल मात्र सतत आणि जास्त जाऊ नये, कारण मळ कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. रिठ्याचे पाणीही तळ्यात, ओढ्यात किंवा अंगणातील कमळाच्या टाकीत ओतू नये. सॅपोनिनमुळे माशांचे कल्ले निकामी होतात, आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून डोहात टाकून मासे पकडण्याची पद्धत पूर्वीपासून माणसाला ठाऊक आहे.